हेलिकोबॅक्टर पायलोरी संसर्ग आणि प्रोबायोटिके

हेलिकोबॅक्टर पायलोरी (संक्षेपाने एच. पायलोरी) या जीवाणूमुळे जठराला होणाऱ्या संसर्गावर प्रतिजैविकांचा उपचार करताना काही वेळा प्रोबायोटिकांची जोड दिली जाते. प्रोबायोटिके म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभदायक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. या संसर्गात त्यांचे स्थान पूरक आहे. ती प्रतिजैविकांना पर्याय ठरत नाहीत.

संसर्ग व त्याचा शोध

एच. पायलोरी हा मळसूत्राच्या आकाराचा जीवाणू आहे. युरिएज या विकराच्या साहाय्याने तो युरियापासून अमोनिया तयार करतो, भोवतालचे आम्ल सौम्य करतो आणि जठराच्या श्लेष्मल आवरणात तग धरतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. जठरव्रण हा केवळ मानसिक ताण व तिखट खाण्यामुळे होतो, ही समजूत तेव्हा प्रचलित होती. मार्शल यांनी १९८४ मध्ये या जीवाणूंचे मिश्रण स्वतः प्राशन केले. त्यांना जठरदाह झाला. या संशोधनाबद्दल दोघांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संसर्ग बहुधा बालपणीच होतो. अनेकांना कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत; मात्र काहींना जठरव्रण होतो आणि थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जीवाणूचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला.

प्रमाणित उपचार व त्यातील अडचण

उपचारात आम्लस्राव कमी करणारे औषध आणि किमान दोन प्रतिजैविके, बहुधा १४ दिवस, दिली जातात. अनेक पद्धतींत बिस्मथचाही समावेश असतो. क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल आणि टेट्रासायक्लिन ही यातील नेहमीची प्रतिजैविके होत.

मळमळ, जुलाब, पोटफुगी आणि तोंडाला येणारी धातूसारखी चव यांमुळे काही रुग्ण औषधे मध्येच सोडून देतात. उपचार अर्धवट राहिला तर उरलेले जीवाणू प्रतिजैविकांना दाद न देणारे होण्याची शक्यता वाढते आणि पुढचा उपचार अधिक कठीण होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या एच. पायलोरीचा समावेश नव्या औषधांची निकड असलेल्या जीवाणूंच्या यादीत केला होता. प्रोबायोटिकांविषयीची उत्सुकता मुख्यतः या अडचणीतून निर्माण झाली आहे.

प्रोबायोटिकांचे कार्य

प्रतिजैविके रोगकारक जीवाणूंबरोबर आतड्यातील उपयुक्त जीवाणूंनाही मारतात. त्यामुळे जुलाब होतात. लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टेरियम गटांतील काही वाण हा बिघडलेला समतोल सावरण्यास हातभार लावतात. प्रयोगशाळेत काही वाणांनी लॅक्टिक आम्ल व जीवाणुरोधक द्रव्ये निर्माण करून एच. पायलोरीची वाढ रोखल्याचे, तसेच पेशींना चिकटून राहण्यास त्याला अडथळा केल्याचे आढळले आहे. सॅकॅरोमायसिस बुलार्डी हे जीवाणू नसून यीस्ट आहे. जीवाणूंवरील प्रतिजैविकांनी ते मरत नाही, म्हणून उपचाराच्या काळात ते सोयीचे ठरते.

तज्ज्ञांची मते

केवळ प्रोबायोटिके घेऊन संसर्ग नाहीसा होण्याचे प्रमाण फारच अल्प आहे. जोड-उपचाराविषयी मात्र मतभेद आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय तज्ज्ञांच्या मास्ट्रिख्ट-फ्लॉरेन्स अहवालानुसार काही प्रोबायोटिके दुष्परिणाम कमी करतात. उपचाराच्या यशात दिसणारी वाढ बहुधा त्यामुळेच होते, जीवाणूवरील थेट परिणामामुळे नव्हे. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या २०२४ मधील मार्गदर्शिकेनुसार मात्र परिणामकारकता किंवा सुसह्यता वाढते असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे. वेगवेगळे वाण, मात्रा व कालावधी वापरले गेल्याने अभ्यासांची परस्पर तुलना कठीण जाते.

दही, ताक आणि प्रोबायोटिके

घरच्या दह्यात जिवंत जीवाणू असतात. परंतु विरजणाप्रमाणे त्यांचे वाण व संख्या बदलते. प्रोबायोटिकाचा गुण विशिष्ट वाणावर व मात्रेवर अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक दह्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही वाणाची ओळख, सुरक्षितता आणि परिणामकारकता तपासण्यावर भर आहे. दही-ताक हा आहाराचा उत्तम भाग असला, तरी त्याने हा संसर्ग बरा होत नाही. टेट्रासायक्लिन दुधाच्या पदार्थांबरोबर घेतल्यास कॅल्शियममुळे त्याचे शोषण घटते. म्हणून ते औषध व दही-ताक यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

सावधगिरी

निरोगी व्यक्तींना प्रोबायोटिके बहुधा सोसतात. मात्र प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्या, अत्यवस्थ किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेल्या रुग्णांत ती क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग करू शकतात. अशा रुग्णांनी ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

त्रास थांबला म्हणजे संसर्ग गेला असे नसते. प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून खात्री करतात. आम्लस्राव कमी करणारे औषध चाचणीपूर्वी दोन आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद ठेवावे लागते. अन्यथा जीवाणू असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते.