वाहिनीवर समाजाचा अपमान झाला, तर तक्रारीत 'बदनामी' लिहू नका

वाहिनीवरच्या चर्चेत कुणी बौद्ध समाजाबद्दल किंवा बाबासाहेबांबद्दल वाईटसाईट बोलतो. तासाभरात ती क्लिप औंढा नागनाथच्या पोरांच्या मोबाईलवर येते. कार्यकर्ते निवेदन घेऊन पोलीस ठाण्यात जातात. निवेदनात लिहिलेले असते, 'आमच्या समाजाची बदनामी झाली.' प्रकरण इथेच कच्चे पडते.

बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालचा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो भादंवि 499-500 मध्ये होता. शिक्षा 2 वर्षांपर्यंत. पण तो अदखलपात्र आहे. ज्याची अब्रू गेली त्यानेच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. समूहाचीही बदनामी होऊ शकते, मात्र तो समूह निश्चित, ओळखता येणारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये खुशबू प्रकरणात सांगितले. 'सगळे बौद्ध' या मोजमापात बसवणे अवघड.

समाजाच्या अपमानासाठी अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. कलम 3(1)(यू) अनुसूचित जातींविरुद्ध द्वेष, वैरभाव पसरवण्याबद्दल, तर 3(1)(व्ही) समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीच्या अनादराबद्दल आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसावा. 'बौद्धांना हा कायदा लागू नाही' असे कुणी म्हटले, तर 1990 ची दुरुस्ती दाखवा. तेव्हापासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही तो दर्जा आहे. महाराष्ट्रात 2020 च्या एका फेसबुक पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे यांच्यावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. जून 2022 मध्ये त्यांना जामीन मिळाला.

पण प्रत्येक अपमान अ‍ॅट्रॉसिटी ठरत नाही. केरळमधील यूट्यूब वाहिनीचे संपादक शाजन स्कारिया यांनी अनुसूचित जातीच्या एका आमदारावर व्हिडिओतून आरोप केले. 23 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन दिला. अपमान जातीमुळे झाला असे त्या व्हिडिओत दिसत नाही. फार तर ती बदनामी होईल, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणून तक्रारीत बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ द्या. 'भावना दुखावल्या' एवढ्यावर थांबू नका. त्या शब्दांत जात कुठे आली ते दाखवा. मूळ व्हिडिओ जपून ठेवा, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडा, फिर्यादीने जातीचा दाखला जोडावा.

वाहिनी मुंबईची असो वा नोएडाची, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद औंढ्यातही देता येते. अ‍ॅट्रॉसिटीत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही (कलम 18अ). ठाण्यात घेतली नाही, तर हिंगोलीच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. सोबत वाहिनीकडेही तक्रार करा. 2021 च्या केबल नियमांप्रमाणे तिला 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

मोर्चा काढायचा तर काढा. पण मोर्चाच्या आधी फिर्याद नीट लिहा. न्यायालयात घोषणा नाही, फिर्याद वाचली जाते.