वास गेला, गॅस नाही!

सोलापूरकडच्या आमच्या गावी आजोबांच्या वाड्यात धान्याचं पेव होतं. उन्हाळ्यात ते उघडलं की दिवसभर तोंड मोकळं ठेवायचं आणि कुणी आत उतरण्याआधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा, असा दंडक होता. कंदील विझला की आजोबा सगळ्यांना परत पाठवायचे. बंद पेवात कार्बन डायॉक्साइड साचतो आणि ऑक्सिजन घटतो, हे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं. पेव माणसाला गिळतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

पुढे केमिस्ट्री शिकून मी टेक्ससच्या किनाऱ्यावर एका रिफायनरीत सेफ्टीच्या नोकरीला लागलो आणि हातात कंदिलाऐवजी पेन्सिलीएवढी काचेची नळी आली. ती काय करू शकते हे मला कळलं १९९२ सालच्या उन्हाळ्यात.

सांडपाण्याच्या खोल खड्ड्यातला पंप बंद पडला होता. झाकण काढल्यावर सडक्या अंड्यांचा वास सुटला, म्हणून मला बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा फोरमन म्हणाला, "उगाच आलास. वास केव्हाच गेला." एका फिटरने शिडीवर पाय ठेवलाही होता. मला मात्र पोचताक्षणी वास आला! मी त्याला थांबवलं, सगळ्यांना मागे घेतलं, श्वसनाचा मास्क चढवला आणि लांब रबरी नळीच्या टोकाला काचेची नळी लावून खाली सोडली. पंप दाबला. पांढरी पूड तपकिरी होत होत २०० पीपीएमची शेवटची खूण ओलांडून गेली. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमलाच जिवाला तातडीचा धोका मानला जातो. शिवाय तेवढ्या प्रमाणात काही मिनिटांतच नाक बधिर होतं. वास गेला नव्हता, वास घेणारं नाक गेलं होतं. फिटरने निमूटपणे पाय मागे घेतला.

नळीत असतं तरी काय?

तत्त्व अगदी साधं आहे. दोन्ही टोकं बंद केलेल्या नळीत रसायन लावलेले बारीक कण भरलेले असतात. वापरताना टोकं मोडायची, बाण पंपाकडे ठेवून नळी बसवायची आणि पंप दाबून सोडायचा. एका दाबात १०० मिलिलीटर हवा ओढली जाते. गॅस असेल तर रंग पुढे सरकतो आणि किती सरकला ते नळीवरच्या खुणांवर वाचायचं. हायड्रोजन सल्फाइडच्या नळीत बहुधा शिशाचा क्षार असतो, त्याचं काळपट सल्फाइड होतं. अमोनियाने पिवळ्याचा निळा होतो. अशा नळीचं पहिलं अमेरिकन पेटंट १९१९ सालचं, कार्बन मोनॉक्साइडसाठी. या गॅसला तर वासच नाही!

पण गॅसच अनोळखी असेल तर?

हायवेवर टँकर उलटला, लेबल फाटलंय, धूर निघतोय. अशा वेळी कुठली नळी फोडायची? इथे क्रमाला महत्त्व आहे. वाऱ्याच्या बाजूने, पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊनच जवळ जायचं. आधी मीटरने ऑक्सिजन पाहायचा (नेहमीच्या हवेत २०.९ टक्के), मग हवा पेट घेण्याजोगी आहे का ते. त्यानंतर ओल्या पीएच कागदाने आम्ल की अल्कली ते ठरवायचं. मग अनेक गॅसना दाद देणारी नळी किंवा पाच नळ्यांचा संच एकदम लावायचा. यातून संशयितांची यादी आखडत जाते आणि शेवटी त्या-त्या गॅसची खास नळी लावायची. पोलीस तपासासारखंच हे!

आणि नळीलाही फसवता येतं. अमोनियाची नळी अमाइन्सनेही निळी होते. मुदत संपलेली नळी मुकी राहते. पंप गळका असेल तर हवा कमी ओढली जाते, म्हणून आधी न फोडलेली नळी लावून पंप दाबून बघायचा, तो फुगला तर गळका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग बदलला नाही याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा होत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, एवढाच त्याचा अर्थ. अनेक गॅस ओळखणारी नळीसुद्धा मिथेनला दाद देत नाही. आता इलेक्ट्रॉनिक मीटर खिशात मावतात, तरी त्यांची खात्री करून घ्यायला या नळ्या अजून कामाला येतात.

आजोबांचा कंदील शहाणाच होता, पण तो फक्त ऑक्सिजनबद्दल बोलायचा. गटारातल्या विषारी गॅसमध्ये तो खुशाल जळत राहील, किंवा मिथेन पेटवून भडकाच उडवील. भारतात माणसाला संरक्षणाशिवाय गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही मुंबई-पुण्याकडून मॅनहोलमधल्या मृत्यूंच्या बातम्या येतातच. बहुतेकदा पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. त्यांच्यापैकी कुणाच्या हातात ही नळी नसते, हे वाचताना मला तो शिडीवरचा पाय आठवतो.

मंडळी, आपल्या घरीही एवढं करा. बेडरूमजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका, ब्लीच आणि अमोनिया कधी एकत्र करू नका. आणि "वास तर येत नाही" असं कुणी म्हणालं, तर त्यावर विसंबू नका!