स्पीकर कॅबिनेटचा हट्टी स्क्रू: समज आणि वस्तुस्थिती

गिटारच्या स्पीकर कॅबिनेटची मागची फळी उघडायची वेळ आली की एखादा तरी स्क्रू हटून बसतोच. मार्शल 1960 सारखी, बारा इंची चार स्पीकर असलेली पेटी असेल तर फळीला डझनाहून जास्त स्क्रू असतात आणि एक जरी निघाला नाही तरी बाकीचे काढून उपयोग शून्य. मग सल्ले सुरू होतात: तेल सोड, तापव, हातोडा घाल. यांतले बरेचसे सल्ले गॅरेजमधून आलेले असतात. मोटारीत लोखंडात लोखंड अडकलेलं असतं. इथे लोखंड लाकडात रुतलेलं असतं, आणि फळीच्या पलीकडे कागदाचा कोन आणि जबर ताकदीचं लोहचुंबक असतं.

‘अडकलाय म्हणजे गंजलाय’

मुंबईत, कोकणपट्टीत, गोव्यात ही शंका रास्त आहे. खारी, दमट हवा स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा खाते आणि गंज फुगून लाकडाला घट्ट धरतो. पण कोरड्या गावातल्या कॅबिनेटचेही स्क्रू अडकतात. कॅबिनेट सतत थरथरतं, फळी खडखडते, म्हणून जो तो स्क्रू आणखी थोडा आवळून ठेवतो. कधी रेक्झिनचा तुकडा आट्यांभोवती गुंडाळलेला असतो, कधी रेक्झिन चिकटवतानाचा गोंद भोकात उतरलेला असतो. आणि खूप वेळा स्क्रू अडकलेला नसतोच. त्याचं डोकं झिजलेलं असतं, त्यामुळे ड्रायव्हर नुसताच फिरतो. पहिलं काम म्हणून उजेडात डोकं नीट बघावं. खाचेत रंग, धूळ, मेण बसलेलं असेल तर सुईने कोरून काढावं. एवढ्यानेही पुष्कळ स्क्रू निघतात.

‘स्टार म्हणजे स्टार, कुठलाही ड्रायव्हर चालतो’

सगळ्यात महागात पडणारा समज हा. आपण ज्याला सरसकट ‘स्टार’ म्हणतो त्यात निदान तीन वेगळ्या खाचा येतात. पहिली फिलिप्स. अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन यांची मूळ कल्पना विकत घेऊन तिला रूप दिलं, 1936 मध्ये पेटंटं मिळाली आणि जनरल मोटर्सने ती कॅडिलॅकसाठी वापरली. दुसरी पोझिड्राइव्ह, ब्रिटन आणि युरोपात रुळलेली. तिच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मधल्या जागेत चार बारीक रेघा असतात. तिसरी जपानी जेआयएस. दिसायला थेट फिलिप्स, पण खाचेचा आकार निराळा. काही जपानी स्क्रूंच्या डोक्यावर ओळखीसाठी एक ठिपका असतो.

ब्रिटिश पेटीच्या पोझिड्राइव्ह स्क्रूमध्ये फिलिप्स ड्रायव्हर घातला तर तो बसल्यासारखा वाटतो, पण टेकतो थोड्याच जागी. जोर लावला की वर सरकतो आणि जाताना खाचेच्या कडा खरवडून नेतो. दोन-तीन वेळा असं झालं की स्क्रू ‘हट्टी’ ठरतो! मापाचंही तेच. मागच्या फळीला बहुधा 2 नंबर लागतो, आणि घरातल्या डब्यात हाताला आधी 1 नंबर येतो.

याच्या जोडीला एक दंतकथा ऐकू येते: फिलिप्सची खाच जास्त जोर पडताच ड्रायव्हर निसटावा म्हणून मुद्दामच तशी केली. मूळ पेटंटांत असा उल्लेख नाही; तो सापडतो 1949 च्या एका सुधारित रचनेच्या पेटंटात. हेतू काहीही असो, ड्रायव्हर निसटतो हे खरं, आणि त्यावर उपाय म्हणजे फिरवण्यापेक्षा दाबणं. अंगाचा भार ड्रायव्हरवर सरळ रेषेत टाकावा आणि सावकाश फिरवावं. ड्रायव्हर लांब असला की जोर वाढतो, हेही खरं नाही. पीळ वाढतो तो मुठीच्या जाडीने. तीन सेंटिमीटर जाडीच्या मुठीत हाताचा जोर मध्यापासून दीड सेंटिमीटरवर लागतो. षटकोनी दांड्याच्या ड्रायव्हरला पाना लावून पंधरा सेंटिमीटरवर हात धरला तर त्याच जोराचा पीळ दहापट होतो. खाच थोडी झिजली असेल तर मोटार स्पेअर पार्टच्या दुकानातली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट टोकाला थेंबभर लावावी. तिची कच पकड घेते. रबरबँड मध्ये घालायची युक्ती सैल स्क्रूपुरतीच ठीक. खरोखर अडकलेल्या स्क्रूवर रबर फाटतं, एवढंच.

आणि उलट फिरवण्याआधी किंचित आवळून पाहावं. लाकडाशी किंवा गोंदाशी झालेली पकड सुटायला कोणत्याही दिशेची हालचाल पुरते.

‘डब्ल्यूडी-40 मारा, सुटेल’

हा फवारा 1953 मध्ये सॅन डिएगोत तयार झाला तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातलं 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. धातूच्या आट्यांत तो थोडीफार मदत करतो. लाकडी फळीत मात्र तेल आट्यांपर्यंत जाण्याआधी लाकूडच पिऊन टाकतं. रेक्झिनचा गोंद सैल पडतो, डाग राहतो आणि उडालेला फवारा कोनच्या कागदावर बसला तर तो डाग कायमचा. स्पीकरची चौकट धरणारे बोल्ट जिथे धातूच्या टी-नटमध्ये जातात, तिथे तेल जरूर वापरावं, पण काडीच्या टोकाने, एकेक थेंब.

लाकडातल्या स्क्रूला उष्णता जास्त मानवते. सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवून मग निवू द्यावं. लोक म्हणतात स्क्रू फुगतो आणि जागा मोकळी होते. चार मिलिमीटर जाडीचा पोलादी स्क्रू दीडशे अंशांनी तापला तरी फुगतो जेमतेम 0.007 मिलिमीटर. खरा फायदा गोंद, रंग आणि आट्यांवर लावलेलं लॉकर मऊ होण्यात आहे. तेल मारलेल्या जागी मात्र लगेच आयर्न लावू नये. पेट घेण्याची भीती असते.

‘हातोडा घालायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा’

मोटारसायकलच्या इंजिनावर हे हत्यार उत्तम चालतं, कारण मागे घट्ट धातू असतो. पातळ फळी झोक खाते आणि घाव तिथेच जिरतो. बोल्ट स्पीकरच्या चौकटीचा असेल तर प्रकरण आणखी नाजूक. आतली व्हॉइस कॉइल मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फटीत फिरते; धक्क्याने चुंबक जरा सरकलं की कॉइल घासू लागते. साधा ड्रायव्हरसुद्धा चुंबकाकडे ओढला जाऊन कोनला भोक पाडतो, म्हणून दुसऱ्या हाताने त्याचा दांडा धरावा आणि कोनवर जाड पुठ्ठा ठेवावा.

बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही, तेव्हा तो अडकलेला नसून पलीकडचा टी-नट लाकडात सुटून सोबत फिरत असतो. बोल्टच्या डोक्याखाली सपाट पटाशी सरकवून हलकं उचलून धरावं, म्हणजे नटचे दात पुन्हा लाकडात रुततात, मग फिरवावं. जमलंच नाही तर पुढची जाळी काढून नट पकडीने धरावा लागतो.

शेवटी ड्रिलवर वेळ आलीच तर भीती स्क्रूची नाही, लोखंडी कणांची. ते चुंबकाकडे धावतात आणि कॉइलच्या फटीत शिरले की बाहेर काढणं महाकठीण. पेटी उभी ठेवावी, फळीतल्या इतर फटी टेपने बंद कराव्यात आणि व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड भोकाशी धरावं. फक्त डोकं उडवायचं; फळी निघाली की उरलेला दांडा लॉकिंग पकडीत धरून फिरवता येतो. अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला व्हॉल्व्ह कॉम्बो असेल तर यातलं काहीही करण्याआधी थांबावं: प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत चारशे व्होल्टच्या आसपास भार उरू शकतो.

स्क्रू परत बसवताना आट्यांना साबण चोळायची जुनी रीत सोडावी. साबण हवेतला ओलावा धरतो आणि पुढचा गंज आपणच लावून ठेवतो. मेणबत्तीचं मेण घासावं. भोक सैल झालं असेल तर फेव्हिकॉल लावलेल्या काड्या ठोकून वाळू द्याव्यात. जुन्या भोकात स्क्रू आधी उलटा फिरवावा. ‘टक्’ करून आटा जागेवर बसल्याचं हाताला कळतं, मग सुलटा आवळावा.