वळता येईना, अंगणच फिरवा!

बारामतीत सामावलेल्या जळोचीच्या जुन्या गल्लीत मोटार घालणं सोपं, बाहेर काढणं म्हणजे गावकीचं काम. चालक एक, सूचना देणारे पाच. "घ्या मागं, घ्या… उजवीकडं मारा… आजून घ्या… ओ दादा, म्हैस हाय मागं… बास बास बास!" शेवटचा 'बास' आणि बंपर भिंतीला टेकल्याचा आवाज बहुधा एकदमच येतात.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला हिणवायला म्हणतो. काही कारागिरांनी मात्र म्हण मनावर घेतली आणि सरळ अंगणच फिरवलं. गाडी थाळीवर चढवायची, बटण दाबायचं, थाळी गर्रकन अर्धी फिरते आणि मागं असलेलं तोंड पुढं येतं. या यंत्राचं नाव टर्नटेबल. गाडीचं तोंड फिरवण्याच्या खटपटीतून निघालेल्या या काही गमती, अगदी मोटेच्या बैलांपासून.

जात्याचाच थोरला भाऊ

टर्नटेबलचं तंत्र आजीच्या जात्यात दिसतं. खालची तळी जागेवर, वरची मधल्या खिळ्याभोवती फिरणारी. टर्नटेबलात खाली पक्का पाया, मध्ये बेअरिंग, कडेनं चाकं किंवा रोलर आणि वर पोलादी थाळी. जात्याला दगडावर दगड घासायचा असतो, इथं घासू द्यायचं नसतं, एवढाच फरक.

म्हणून ताकद फारच थोडी लागते. समजा, टनभर वजनाची गाडी थाळीवर आहे आणि रोलर चांगले आहेत. घर्षण वजनाच्या शंभराव्या भागाएवढं धरलं, तर थाळी ढकलायला दहा किलोचा जोर पुरतो. भरलेली कळशी उचलायला यापेक्षा जास्त लागतो! त्यामुळे मोटरही घरगुती पिठाच्या गिरणीला असते तेवढीच, एखाद्या अश्वशक्तीची, चालते. वीज गेली तर शेजारच्या पोराला हाक मारायची.

साडेचार मीटरची कमाल

जागेचा हिशेब त्याहून गमतीचा. स्विफ्टसारखी छोटी गाडीही पूर्ण वळायला सुमारे ४.८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ मागते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेनऊ मीटरच्या वर. गाडीची लांबी मात्र चार मीटरच्या आतच. साडेचार मीटर व्यासाच्या थाळीवर ती आरामात मावते. क्षेत्रफळ मोजलं तर वळायला लागणाऱ्या जागेच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

आपल्याकडच्या इतक्या गाड्यांची लांबी चारच्या आत का, हेही ऐकण्यासारखं आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी गाड्यांच्या शेपट्या छाटल्या. सरकारनं सवलत दिली कराची, सोय झाली थाळीची.

इंजिनाला पाठमोरं चालणं नको

मोटारींच्या आधी थाळी फिरली ती रेल्वेत. वाफेच्या मोठ्या इंजिनामागं कोळसा-पाण्याचा टेंडर असे. इंजिन उलटं चालवलं की चालकाच्या पुढ्यात कोळशाचा ढीग, रूळ दिसायची मारामार. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर इंजिन टर्नटेबलावर घ्यायचं. ते थाळीवर नेमक्या जागी, वजन दोन्हीकडे तोलून उभं करणं हीच खरी कला. तोल साधला की शंभर टनांचं धूड दोन-चार माणसं दांड्याला रेटून फिरवत.

इंदापूरच्या शेजारच्या कुर्डुवाडीत सुरुवातीला ही कटकटच ठेवली नव्हती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं १८९७ साली सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या रुळांवर आधी टाकी इंजिनं धावली. पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर, मागं टेंडर नाही, म्हणजे पुढं काय आणि मागं काय! आगगाडीवाल्या या साहेबानं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. त्याला वळायचं नव्हतंच, एकदम खालीच यायचं होतं.

घाटात उलटं पाऊल

थाळी नसेल तर आणखी एक युक्ती असते: वळूच नका, उलटे फिरा. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगर इतका अवघड, की गाडीला वळसा घालायला जागाच नव्हती. गाडी एका फाट्यावर जाऊन थांबायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागायचं आणि आलेली शेपटी पुढं करून गाडी निघायची. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि हा खेळ संपला.

मुंबईची लोकल आजही दुसऱ्या पद्धतीनं हेच करते. दोन्ही टोकांना चालकाची खोली, त्यामुळे चर्चगेटला गाडी वळत नाही. मोटरमन आणि गार्ड तेवढे टोकं बदलतात.

खुर्ची वळवली की झालं

२०२१ साली डेक्कन क्वीनला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा लागला. त्यातल्या खुर्च्या अर्ध्या वर्तुळात फिरतात. पुण्याला जाताना किंवा मुंबईला येताना डबा उलटा असला तरी खुर्ची फिरवली की तोंड प्रवासाच्या दिशेला. अख्खी गाडी वळवण्यापेक्षा प्रवाशालाच वळवलं, तेही बसल्या जागी.

लखोबाला फिरवणारी थाळी

मराठी माणसानं फिरती थाळी टाळ्या वाजवून पाहिली ती नाट्यगृहात. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिल्यांदा रंगमंचावर आलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात उभा, आणि त्याची एकेक लफडी एकेका घरात घडलेली. दर प्रवेशाला पडदा पाडून सामान हलवत बसलं असतं तर प्रेक्षक घरी जाऊन जेवून आले असते. फिरत्या रंगमंचानं ही अडचण सोडवली. समोर कोर्ट चालू असताना मागं पुढच्या घराची मांडणी तयार, आणि रंगमंच फिरला की लखोबा नव्या वेशात हजर. प्रभाकर पणशीकरांनी यात पाच रूपं वठवली. माणूस तोच, तोंडं पाच, आणि खाली फिरती जमीन. ठगाच्या नाटकाला याहून चांगला रंगमंच कोणता?

या कल्पनेचं जुनं घराणं जपानी. ओसाकाच्या नामिकी शोझो या नाटककारानं १७५८ साली काबुकीसाठी फिरता रंगमंच वापरला. मोटार जन्माला यायला तेव्हा सव्वाशे वर्षं अवकाश होता.

उसाच्या ट्रेलरखालचं टर्नटेबल

टर्नटेबल बघायला लांब कशाला जायचं? भवानीनगर, माळेगाव किंवा सोमेश्वर, कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात उभे राहा. ट्रॅक्टरमागच्या चारचाकी ट्रेलरच्या खाली वाकून पाहिलं, तर पुढचा आस आणि सांगाडा यांच्यामध्ये जाड लोखंडी कडं दिसेल. फॅब्रिकेशनवाले त्याला टर्नटेबलच म्हणतात. ट्रॅक्टर वळला की दांडी वळते, दांडीबरोबर पुढची चाकं वळतात आणि वरचा ऊस निवांत मागून येतो. घोडागाडीतही असं आडवं कडं असायचं. इंग्रज त्याला पाचवं चाक म्हणत. मोठ्या कंटेनर ट्रकच्या जोडणीला आजही तेच नाव आहे.

पण याच टर्नटेबलनं रिव्हर्सची वाट लावली आहे. ट्रॅक्टरमागं दोन ट्रेलर म्हणजे दोन हुक आणि दोन टर्नटेबल, एकूण चार सांधे. मागं रेटलं की चारही चार दिशांना. म्हणून चांगला ट्रॅक्टरवाला फडात शिरण्याआधीच बाहेर कसं पडायचं ते बघून ठेवतो. नाहीतर ट्रेलर सोडा, एकेक ओढा, पुन्हा जोडा आणि वर मुकादमाची बोलणी खा.

उलटे चालणारे बैल

रिव्हर्स गियरचा शोध मोटारवाल्यांचा, असं कुणी म्हणालं तर त्याला मोटेची विहीर दाखवा. विहिरीपासून उतरत जाणाऱ्या धावेवर बैल खाली चालत जात, मोट भरून वर येई, पाणी थारोळ्यात पडे. मग बैल? वळायचे नाहीतच. तोंड तिकडंच ठेवून पाठमोरे पावलं टाकत धाव चढून वर येत, आणि मोट पुन्हा विहिरीत. दर खेपेला जोडी सोडून, वळवून, जुंपायची म्हटलं तर वाफे कोरडेच राहिले असते. बैलांना हे शिकवावं लागे. आरसा नाही, कॅमेरा नाही, मोटकऱ्याच्या आवाजावर सगळं.

आता गायींचं ऐका. पुणे जिल्ह्यातच मंचरच्या भाग्यलक्ष्मी डेअरीत गायींसाठी भलंमोठं टर्नटेबल आहे, दूध काढायचं रोटरी पार्लर. गाय फिरत्या थाळीवर चढते, यंत्र लागतं, फेरी पुरी होईपर्यंत दूध निघतं. आणि उतरताना? पाठमोरी! या यंत्राचा मूळ अवतार अमेरिकेत न्यू जर्सीच्या वॉकर-गॉर्डन फार्मवर १९३० साली फिरला, एका वेळी ५० गायी घेऊन.

गॅरेजातल्या दोन ताटल्या

तुमची गाडी टर्नटेबलवर चढून आलेली असू शकते आणि तुम्हाला पत्ताही नसेल. व्हील अलाइनमेंटला गेलात की पुढची दोन चाकं दोन ताटल्यांवर उभी करतात. त्यांच्या कडेला अंशांच्या खुणा असतात. कारागीर स्टेअरिंग डावीकडं वीस अंश, उजवीकडं वीस अंश फिरवून चाकाचा कल मोजतो. ताटली नसती तर टायर फरशीला चिकटून राहिला असता आणि माप चुकलं असतं. पुढच्या वेळी चहा प्यायला बाहेर न जाता जरा वाकून बघा.

बोटीवरची थाळी

स्कॉटलंडमध्ये ग्लेनेल्ग गावाहून स्काय बेटावर जाणारी 'ग्लेनाखुलिश' नावाची १९६९ सालची छोटी फेरी आहे. एका वेळी सहा मोटारी. बोट धक्क्याला आडवी लागते आणि खलाशी मोटारींसकट वरचा डेक हातानं रेटून धक्क्याकडं वळवतात. हातानं फिरवायची ही जगातली शेवटची टर्नटेबल फेरी. गावकऱ्यांनी ती स्वतःच्या मालकीची करून जपली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॉवेल रस्त्यावरच्या केबल कारही मुक्कामाला लाकडी थाळीवर चढतात, आणि चालक-कंडक्टर खाली उतरून त्यांना ढकलत फिरवतात. ते बघायला पर्यटकांची रांग लागते. आपल्याकडं एसटीला धक्का मारताना मात्र कुणी फोटो काढत नाही.

थाळी नको, गाडीच शहाणी करा

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या ब्रुक्स वॉकरनं गाडीच्या डिकीतच पाचवं चाक बसवलं. ते खाली सोडलं की मागची बाजू उचलली जायची आणि आडवी सरकत जागेत शिरायची. डिकीत चाक बसलं, सामान कुठं ठेवायचं हा प्रश्न उरला. कल्पना कंपन्यांना पटली नाही. आता मर्सिडीजच्या विजेवरच्या जी-क्लासला चार चाकांना चार मोटरी आहेत. डावी चाकं पुढं, उजवी मागं, आणि सैल मातीवर गाडी जागच्या जागी भोवरा.

पण कमी जागेत वळायचं तर खरा गुरू बारामतीतच आहे. पियाजिओच्या इथल्या कारखान्यात तीनचाकी 'ॲपे' बनते. पुढं एकच चाक, त्यामुळे ते भरपूर तिरकं होतं आणि रिक्षा गल्लीतल्या गल्लीत माघारी फिरते. इटालियन भाषेत या नावाचा अर्थ मधमाशी. २०१२ पासून इथं व्हेस्पाही तयार होते, तिचा अर्थ गांधीलमाशी. एका एमआयडीसीत दोन माश्या, आणि दोघींनाही वळायला टर्नटेबल लागत नाही.

बसवायचंच असेल तर

मुंबईच्या टॉवरांत, यांत्रिक पार्किंगच्या तोंडाशी टर्नटेबल आता नवलाचं राहिलं नाही. घरी बसवायचं असेल तर मोटरपेक्षा खड्ड्याची काळजी जास्त घ्या. थाळी जमिनीच्या पातळीत बसते, म्हणजे खाली खड्डा आला. खड्डा आला की पावसाचं पाणी आलं, पाण्याबरोबर चिखल आणि चिखलात बेअरिंग. पाणी निघून जायला पाइप हवाच. आणि थाळीवर मिरच्या वाळत घालू नका, असं घरात आधीच सांगून ठेवा. साडेचार मीटरची सपाट, उन्हातली जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

हे काहीच जमलं नाही, तर बिनखर्चाचा उपाय लग्नाच्या मांडवाबाहेर बघायला मिळतो. बाकीचे घाईनं गाड्या तोंड खुपसून लावतात आणि पंगत धरायला पळतात. एखादे तात्या मात्र मुहूर्त टळत असला तरी आधी गाडी मागं घेत, तोंड रस्त्याकडं करूनच उतरतात. जेवणं उरकल्यावर मांडवाबाहेर "घ्या मागं, घ्या मागं"चा गोंधळ उडालेला असतो, तेव्हा तात्या विडा चघळत जळोचीच्या फाट्याला लागलेले असतात.