जाळ्यातला सिनेमा

२०१६ सालचा जून महिना. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. कफ परेडच्या मच्छीमार नगरात होड्या ओढून ठेवलेल्या, पुरुषमंडळी जाळी दुरुस्त करत बसलेली. बँकेतल्या माझ्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष. एका जुन्या खातेदार कोळीण मावशींकडे गेलो, तर त्यांच्या नातवाच्या लॅपटॉपवर ‘सैराट’ लागलेला आणि भोवती दहा-बारा पोरांची दाटी.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिलला प्रदर्शित झाला होता आणि थिएटरात अजून गर्दी खेचत होता. मी म्हटले, “अरे, ही चोरी नाही का?”

“काका, दोनदा तिकीट काढून बघितलाय. आता टोरंटवरून उतरवला. चोरी कसली?”

उत्तर बिनतोड वाटले. टोरंट म्हणजे काय, तेही मग त्यानेच समजावले. २००१ साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने ही युक्ती काढली. चित्रपटाचे असंख्य तुकडे करायचे. ज्याच्याकडे जो तुकडा असेल त्याच्याकडून तो घ्यायचा आणि घेता घेताच आपल्याकडचे तुकडे इतरांना पुरवायचे.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. बनावट नोट नकळत हाती आली, तर तो माणूस फसलेला असतो. ओळखूनही तीच नोट पुढे खपवली की तो गुन्हेगार ठरतो. या मुलाने पाहण्याचे पैसे दिले होते, वाटण्याचे नव्हते. रात्रभर त्याचा लॅपटॉप कुणाकुणाला ‘सैराट’ पुरवत होता, याचा त्यालाच पत्ता नव्हता. ‘सैराट’ने कोट्यवधी कमावले, त्याला ही गळती सोसली. पण लहान मराठी चित्रपटाचे भवितव्य पहिल्या आठवड्यात ठरते. तिथे निर्माता बुडाला, तर त्याच्या पुढच्या चित्रपटाला पैसा कोण देणार?

चाहत्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असेही नाही. १९१३ सालचा फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उपलब्ध नाही. जो जुना चित्रपट विकतही मिळत नाही, त्याची प्रत एखाद्या वेड्या रसिकाने जपली, तर मला त्याला चोर म्हणवत नाही. पण शेजारच्या थिएटरात चालू असलेल्या चित्रपटाला ही सबब लागू पडत नाही.

एवढे प्रवचन मी दिले खरे, पण माझी गोष्ट सांगायची राहिली. माझ्या एका कादंबरीची स्कॅन केलेली प्रत संगणकांवरून फिरत होती. “मी ती तीन गावांत पोचवली,” असे एका वाचकाने कौतुकाने सांगितले, तेव्हा दोन दिवस मी धुमसत होतो. आणि त्या दिवशी मच्छीमार नगरात माझ्या खिशात पेन ड्राइव्ह होता. हिचे गुडघे दुखायचे, थिएटरचे जिने चढवत नसत. निघताना मी हळूच म्हटले, “जरा यात घालून दे.”

मुलगा हसला. मावशी मात्र जाळ्यावरची नजर न उचलता म्हणाल्या, “साहेब, दर्या कुनाचाच नाय. पन जाल्यात गावलेलं म्हावरं नाखवाचं नि खलाशांचं.” होडीवर डिझेलचा खर्च वजा करून जो तो आपली वाटणी घेतो, त्या वाटणीवर त्यांनी आयुष्य काढलेले. मी पेन ड्राइव्ह परत खिशात घातला. पुढच्या रविवारी आम्ही दोघे हळूहळू जिना चढून गेलो. मध्यंतरात हिने विचारले, “घरी बघणार होतो ना आपण?” मी नुसताच हसलो.

२०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. चित्रपटाची चोरटी नक्कल करणाऱ्याला आता तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदा हवाच. पण त्या दिवशी माझा हात कायद्याने धरला नव्हता. तो धरला होता, समोर बसून जाळे विणणाऱ्या एका बाईने.