टाके मोजण्याआधी हात मोजा!

दिल्लीच्या थंडीत सायकल चालवणाऱ्या भाच्यासाठी गेल्या वर्षी मी पुस्तकाबरहुकूम हातमोजे विणले. त्याचा पंजा आत शिरेना! पुस्तक बरोबर होते, माझी वीण घट्ट होती. तेव्हा भगिनींनो, आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर ५ इंची चौकोन विणा. तो धुऊन, वाळवून मधल्या ४ इंचांतले टाके मोजा. २४ भरले, म्हणजे इंचाला ६. अंगठा सोडून पंज्याचा घेर ७ इंच असेल, तर ४२ टाके हवेत. मनगटाला दोन सुलट, दोन उलट विणताना मात्र संख्येला चारने भाग जायला हवा. म्हणून चार सुयांवर गोल विणताना ४० घाला, पुढे २ वाढवा. अडीच इंची अंगठ्याला १५ पुरतात.

यंदा भाच्याने पंज्याभोवती दोरा गुंडाळून, तेवढाच कापून पाकिटातून धाडला आहे!