बातमीदार भगिनींचेही ऐका!
बुंदेलखंडात २००२ साली सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’तील दलित पत्रकार भगिनींवरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला, तेव्हा आमचीही छाती फुगली. हातात मोबाईल घेऊन पोलिसांना जाब विचारणाऱ्या आमच्या लेकी जगाने पाहिल्या, हे थोडे नव्हे! पण सोहळ्याच्या तोंडावर ‘खबर लहरिया’नेच निवेदन काढले. चित्रपट प्रभावी आहे, मात्र आम्ही एकाच पक्षाच्या बातम्यांमागे असतो हे त्यातले चित्र चुकीचे आहे, असा त्याचा आशय. कुणी याला कच खाणे म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. आपले म्हणणे आपणच मांडावे म्हणून तर बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. चित्रपटवाले चित्रण आटोपून परततात. या भगिनींना दुसऱ्या दिवशी बातमीसाठी त्याच गावात, त्याच ठाण्यात जायचे असते.